धूर नाकात, घाव मेंदूत? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पंधरा वर्षं रहदारीच्या चौकात काम करतोय. सर्दी नसतानाही हल्ली काही करपलेलं मला कळत नाही, घरचे सांगतात तेव्हा समजतं. धुरामुळे असं होतं का?

होऊ शकतं. वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकाच्या अगदी वरच्या भागात असतात आणि हवेला उघड्या असतात. त्या झिजतात, नव्या येतात. पण धुराची जळजळ रोजचीच झाली की ही भरपाई अपुरी पडते. ऱ्हास सावकाश होतो, म्हणून ज्याचा वास जातो त्यालाच शेवटी कळतं. तरी सगळं खापर धुरावर फोडू नका. नाकातले कोंब, जुना सायनस, डोक्याला लागलेला मार, काही औषधं यांनीही वास जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. आणि घरात गॅसगळतीचा अलार्म आधी बसवा.

प्रश्न: धुळीचे कण नाकातून थेट मेंदूत जातात, असा मेसेज फिरतोय. खरं आहे?

या खेपेला मेसेज बराचसा खरा आहे. वासाच्या चेता चाळणीसारख्या पातळ हाडातून वर जाऊन मेंदूच्या गंधकंदाला, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागाला, मिळतात. बाहेरची हवा आणि मेंदू यांच्यात इतकं कमी अंतर दुसरीकडे कुठे नाही. २००४ साली उंदरांना कार्बनचे अतिसूक्ष्म कण हुंगवले, तेव्हा ते गंधकंदात सापडले होते. २०१६मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या ३७ मृतांच्या मेंदूंच्या तपासणीत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे गोलसर कण आढळले. असा आकार सहसा ज्वलनाच्या प्रखर उष्णतेत येतो. ते नाकावाटे आले की फुप्फुसातून रक्तावाटे, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

मेसेजमध्ये गफलत आहे ती आकाराची. ज्याला आपण धूळ म्हणतो ती या वाटेने जात नाही. जातात ते ०.१ मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण. शिवाय मेंदूला इजा व्हायला कण तिथे पोचायलाच हवा असंही नाही. फुप्फुसातल्या दाहाचे पडसाद रक्तावाटे मेंदूच्या वाहिन्यांवर उमटतात.

प्रश्न: वडिलांना वास येईनासा झालाय. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल?

अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये वास कधी कधी कित्येक वर्षं आधी जातो, हे खरं. पण उतारवयात वास मंदावणं इतकं सर्रास आहे की नुसत्या त्यावरून कुणी निदान करत नाही. सोबत विसरभोळेपणा, हाताला कंप, झोपेत हातपाय झाडणं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२०मध्ये हवेचं प्रदूषण स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १२ धोक्यांत धरलं. त्याच यादीत कमी ऐकू येणंही आहे, तेव्हा वडिलांचे कानही तपासा!

प्रश्न: मास्कचा उपयोग होतो?

कापडी मास्कचा फारसा नाही. घट्ट बसणारा एन९५ कण अडवतो, वायू नाही.

प्रश्न: गेलेला वास परत येतो?

काहींना येतो. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, लक्ष देऊन, निदान १२ आठवडे हुंगायचे. विषाणूमुळे वास गेलेल्यांना याचा गुण आलेला आहे. धुराने गेलेल्यांसाठी पुरावा तोकडा आहे, पण अपाय काही नाही. नाकात जस्ताचे थेंब किंवा जेल मात्र घालू नका. त्यानेच वास गेल्याच्या तक्रारी आहेत.