‘वाफेची ट्रंक’ की ‘बोटीची ट्रंक’?

विचारणा अशी आहे: घरात पणजोबांच्या वेळची एक बुटकी ट्रंक आहे. वर कॅनव्हास, त्यावर लाकडी पट्ट्या, कोपऱ्यांना पितळ. घरचे तिला ‘बोटीची ट्रंक’ म्हणतात. इंटरनेटवर ‘स्टीमर ट्रंक’ असं नाव सापडलं आणि भाषांतराच्या यंत्राने त्याची ‘वाफेची ट्रंक’ केली. योग्य शब्द कोणता, आणि ट्रंक साधारण कधीची?

घरचे बरोबर आहेत. इथला ‘स्टीमर’ म्हणजे आगबोट. वाफेशी या ट्रंकेचा तसा काही संबंध नाही, ती काही मोदकपात्र नव्हे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३० साली वाफेच्या जोरावर सुएझला गेली, आणि ठाण्याची गाडी सुटली १८५३ साली. म्हणजे मुंबईकरांची आगबोट आगगाडीपेक्षा तेवीस वर्षांनी मोठी. पुढे ‘आग’ गळून नुसती ‘बोट’ उरली. कोकणातली माणसं ‘बोटीने मुंबईला’ जात आणि वाटेत त्यांना बोट लागे. (‘बोट लागलं’ आणि ‘बोट लागली’ यांत गल्लत होत नाही, ती केवळ लिंगामुळे.)

‘ट्रंक’ मात्र मराठीत येऊन अंगाने आकसली. इंग्रजीत हा शब्द झाडाच्या खोडावरून आला. जुन्या पेट्या ओंडका कोरून करत, तेव्हापासून तो पेटीला चिकटला. टेलिफोनची मुख्य तार म्हणजेही खोडच, म्हणून आपला ‘ट्रंककॉल’. आपल्याकडे ट्रंक म्हटली की डोळ्यांपुढे येते ती पत्र्याची, रंगवलेली, कडीकोयंड्याची, लग्नात मुलीला दिलेली किंवा वसतिगृहात खाटेखाली सरकवलेली. तिला आपण ‘ती’ म्हणतो, ते बहुधा ‘पेटी’च्या वळणाने. आणि तिच्या अंगावरचे शब्दही काय एकेक: नाव इंग्रजी, बिजागरी आणि चावी पोर्तुगीज, कुलूप मुळात अरबी. लाकडाच्या, कॅनव्हास मढवलेल्या पेटीला नुसतं ‘ट्रंक’ म्हटलं तर मराठी वाचक पत्राच समजेल. म्हणून मागे ‘बोटीची’ हवंच.

पण बोटीवर चढलेली प्रत्येक पेटी बोटीची ट्रंक नसते. हे नाव आकाराचं आहे. केबिनमधल्या बर्थखाली सरकावी म्हणून तिची उंची साधारण चौदा इंच ठेवत. इंग्लंडात तिला ‘केबिन ट्रंक’ म्हणत, अमेरिकेत ‘स्टीमर ट्रंक’. घुमटाकार झाकणाची किंवा कमरेएवढी उंच पेटी असेल, तर ती किती का समुद्र ओलांडून आलेली असेना, या नावात बसत नाही. आज विकणारे कुठल्याही जुन्या पेटीला ‘स्टीमर ट्रंक’ म्हणतात, त्याकडे दुर्लक्ष करावं.

आता वय. तुम्ही दोन कागदांबद्दल लिहिलं आहे. बाहेर अर्धवट फाटलेलं ‘वाँटेड ऑन व्हॉयेज’, आणि झाकणाच्या आत ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल., व्हिक्टोरिया स्ट्रीट, वेस्टमिन्स्टर, एस.डब्ल्यू. १’. बाहेरच्या चिठ्ठीने वय कळत नाही, फक्त एका प्रवासातली व्यवस्था कळते. ‘केबिन’ लिहिलेलं सामान उतारूच्या खोलीत जाई, ‘नॉट वाँटेड’ असलेलं तळाच्या कोठारात, आणि ‘वाँटेड’ असलेलं सामानाच्या खोलीत, जिथून वाटेत कपडे काढून घेता येत. तुमची ट्रंक बर्थखाली मावणारी असूनही त्या खेपेला बाहेर राहिली, एवढंच त्यावरून म्हणता येईल. चिठ्ठी ट्रंकेपेक्षा कितीही उशिराची असू शकते.

खरा साक्षीदार आतला कागद. ‘सी.एस.एल.’ म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. लष्करी अधिकाऱ्यांसाठी १८७१ साली लंडनमध्ये निघालेल्या या संस्थेचं मुंबईतही दुकान होतं, काळा घोड्याजवळची ती इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा ट्रंक तुमच्या घरात आली म्हणून पणजोबा विलायतेला गेलेच असतील असं नाही. १९३४ साली संस्थेने नाव बदलून ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ केलं, म्हणजे ‘सी.एस.एल.’ छापलेला कागद साधारण त्याआधीचा. दुसरं टोक त्या ‘एस.डब्ल्यू.’पुढच्या एका आकड्यात आहे: लंडनच्या टपाल विभागांना हे आकडे १९१७ साली मिळाले, त्यापूर्वी पत्त्यात नुसतं ‘एस.डब्ल्यू.’ असे.

तेव्हा १९१७ ते १९३४. जुना छापील कागद थोडे दिवस वापरात राहिला असेल, तर वर्षभर पुढे धरा. कुलपावर ‘पेटंट’ आणि साल कोरलेलं आढळलं, तर ते मात्र ट्रंकेच्या जन्माचं साल समजू नका. ते कुलपाच्या युक्तीचं साल, आणि तेच कुलूप पुढे कित्येक वर्षं बसवत.