दीड इंची कॅनव्हास फ्रेममध्ये बसवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 24 × 36 इंचांचं ॲक्रिलिक चित्र, स्ट्रेचरची (कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीची) जाडी दीड इंच, फ्रेमची खाच जेमतेम 12 मिमी खोल. कॅनव्हास मागून इंचभर बाहेर येतोय, फ्रेमवाला म्हणतो खिळे मारून देतो, आणि तुम्हाला इंचभर उंचीची झेड क्लिप हवी आहे. चित्र जाणार आहे रत्नागिरीच्या घरी.

आधी खिळ्यांचं. स्ट्रेचरमधून फ्रेममध्ये तिरके खिळे मारून द्यायची पद्धत जुनी आहे आणि सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. मग एक जाड रंगाचं तैलचित्र माझ्याच हातोडीने कडेला तडकलं. ते दुरुस्त करून देताना जे शिकलो ते फुकट सांगतो. हातोडीचा प्रत्येक ठोका रंगाच्या थरापर्यंत पोचतो. शिवाय स्ट्रेचरच्या कोपऱ्यात त्या छोट्या लाकडी पाचरी असतात (तयार कॅनव्हासबरोबर पुडीत मिळतात, लोक फेकून देतात!), त्या कशासाठी? पावसाळ्यात कॅनव्हास सैलावला की पाचर हलकेच ठोकायची, कोपरा जरासा उघडतो आणि कापड ताणलं जातं. स्ट्रेचर फ्रेमला खिळून टाकला तर कोपरा उघडणार कुठून? म्हणून मी कॅनव्हास फक्त मागून दाबून धरतो, त्याच्या लाकडात काही घुसवत नाही.

झेड क्लिप हेच करते. तिचं एक टोक फ्रेमला स्क्रूने बसतं, दुसरं स्ट्रेचरच्या पाठीवर टेकतं. पाव किंवा अर्ध्या इंचापर्यंत उत्तम काम करते. पण तुमचा हिशोब बघा: 38 वजा 12, म्हणजे 26 मिमी. एवढी उंच क्लिप म्हणजे तरफच झाली. चित्र थोडं हललं की सगळा ताण त्या एका स्क्रूवर, तोही फ्रेमच्या अरुंद पाठीत. आणि बाजूने बघणाऱ्याला फ्रेमच्या मागे इंचभर कॅनव्हास डोकावताना दिसतो तो वेगळाच. तेव्हा ती क्लिप शोधत पुण्यातली हार्डवेअरची बोहरी आळी पालथी घालू नका. क्लिप उंच करण्यापेक्षा फ्रेम खोल करा.

फ्रेमच्या पाठीला चारही बाजूंनी लाकडी पट्टी चढवायची. उंची 28 मिमी, रुंदी 15 मिमीच्या आसपास. आतली कड खाचेच्या कडेशी जुळवा आणि बाहेरून चार-पाच मिमी आत राहू द्या, म्हणजे भिंतीवर ती सावलीत लपते. फ्रेमच्याच गडद छटेत रंगवा. फेव्हिकॉल लावा आणि वर स्क्रूही मारा, लांब बाजूला पाच, आखूड बाजूला चार. साधारण 35 मिमीचा स्क्रू लागेल, पण आधी त्या जागी फ्रेमची जाडी मोजा, नाहीतर टोक पुढून बाहेर येईल. हसू नका, झालंय.

आता खोली झाली 40 मिमी, कॅनव्हास 38. उरलेल्या 2 मिमीमध्ये बुचाचा तुकडा ठेवायचा आणि त्यावरून धातूची सरळ, सपाट पट्टी. वाकवायचीसुद्धा गरज नाही. लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना दोन-दोन, एकूण दहा. स्क्रू फक्त चढवलेल्या पट्टीत, 12 मिमीचा पुरतो. बूच किंचित दबेल इतकंच आवळा.

या धातूच्या पट्ट्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. समुद्राच्या हवेत साधं लोखंड गंजतं आणि त्याचा डाग कापडात उतरतो. पितळी स्क्रू मऊ असतो, जोर लावला की मान मोडते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा फिरवून काढायचा, आणि शेवटी पितळी. सुताराला हे सांगावं लागत नाही, फ्रेमवाल्याला लागतं.

खाचेत सगळीकडून 3 मिमी मोकळी जागा हवी, म्हणजे आतलं माप अंदाजे 616 × 920 मिमी. पण छापील मापावर विसंबू नका. कोपऱ्यात कापडाची घडी येते, तिथे जाडी वाढते, म्हणून कोपऱ्याशीच मोजा. खाचेला फेल्टची पट्टी लावणार असाल तर तिचीही जाडी धरा.

फ्लोटर फ्रेमचं (कॅनव्हास पुढून बसतो, भोवती फट राहते) कुणीतरी सुचवलंय. दीड इंची कॅनव्हासला खरं तर तीच शोभते, कडाही दिसतात. तिथे मात्र माझा वरचा नियम मोडतो: स्क्रू मागून फ्रेमच्या तळातून स्ट्रेचरमध्येच जातो. निदान तळातलं भोक स्क्रूपेक्षा सैल ठेवा, म्हणजे लाकडाला हलायला वाव राहतो. तुमची फ्रेम आधीच कापून झाली आहे, तेव्हा हे पुढच्या चित्राला.

मागे खाकी कागद चिकटवू देऊ नका, कोकणात दमट हवेत त्याच्यावर बुरशी धरते. पातळ प्लॅस्टिक शीट स्क्रूने लावा, म्हणजे पाचरी ठोकायला काढता येईल. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं, भिंतीपासून हवा खेळायला. डी-रिंगा (टांगायच्या कड्या) चढवलेल्या लाकडी पट्टीत बसवा, स्ट्रेचरला कधीच नाही, नाहीतर कॅनव्हासवर अख्खी फ्रेम लटकेल. भिंतीत खिळे दोन ठोका, चित्र तिरकं होत नाही.

पट्टी चढवून झाली की मागच्या बाजूचा फोटो टाका. स्क्रूंच्या जागा बघून सांगतो.