वाचक विचारतात : नळ मोठा, टाकी लहान

प्रश्न : आमच्याकडे पूर्वी ४० एमबीपीएसचं फायबर होतं. गेल्या महिन्यात ते बंद करून छतावर डबा बसवतात ते फाइव्ह-जीचं नेट घेतलं, १०० एमबीपीएसचं. घरात एक फोर-के टीव्ही, तिघांचे मोबाइल आणि मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर आहे. चोविसाव्या दिवशी नेट मुंगीच्या चालीने चालू लागलं. कस्टमर केअरवाले म्हणतात, ‘तुमचा डेटा संपला.’ जाहिरातीत तर ‘अनलिमिटेड’ लिहिलं होतं. आमच्याकडे चोरी होते आहे का? *(कोल्हापूर)*

उत्तर : चोरी नाही, साधा गुणाकार आहे. ‘अनलिमिटेड’चा अर्थ इतकाच की नेट तुटणार नाही. पूर्ण वेगाचा कोटा वेगळा असतो. त्यालाच एफयूपी (फेअर यूसेज पॉलिसी) म्हणतात आणि तो प्लॅनच्या तळटीपेत असतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, तर छतावरच्या बिनतारी जोडणीला अनेकदा १००० जीबीच. म्हणजे तुम्ही वेगाचा नळ अडीचपट मोठा केलात आणि कोट्याची टाकी एक तृतीयांश.

आता तुमच्या घराचा हिशेब. फोर-के व्हिडिओ तासाला साधारण ७ जीबी खातो, एचडी ३ जीबी. टीव्ही रोज चार तास फोर-केमध्ये चालला तर २८ जीबी. मोबाइल आणि इतर वापर दिवसाला १० जीबी धरा. झाले ३८. त्यात मुलाने एखादा मोठा गेम उतरवला की १०० जीबी एका बैठकीत गेले, कारण मोठे गेम आता तेवढ्या आकाराचे असतात. उरले ९००, भागिले ३८, म्हणजे साधारण चोविसावा दिवस. जुन्या फायबरवरही महिन्याला १२४० जीबी जातच होते, पण तिथली टाकी मोठी असल्याने कुणाला पत्ता लागला नाही.

हाच टीव्ही एचडीवर आणलात तर रोजचा खर्च २२ जीबी आणि गेमसह महिना ७६० जीबीत बसतो. टीव्हीला स्टिक किंवा वेगळा बॉक्स जोडलेला असेल तर त्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ‘ऑटो’वरून १०८० पी करा. तेवढ्याने बहुतेक ॲप फोर-के मागणं सोडून देतात. टीव्हीतलीच ॲप वापरत असाल तर प्रत्येक ॲपमध्ये क्वालिटी वेगळी बदलावी लागते. काही ॲपमध्ये हे सेटिंग टीव्हीवर सापडतच नाही, वेबसाइटवर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये बदलावं लागतं. तिथे ‘मीडियम’ निवडण्याआधी थांबा. काही ठिकाणी त्याचा अर्थ एचडीच्याही खालचं चित्र असा असतो आणि ५५ इंची पडद्यावर ते धुरकट दिसतं.

मुलाच्या कॉम्प्युटरवर आणखी एक गोष्ट बघा. विंडोजच्या अपडेट सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाचा पर्याय असतो. त्यात इंटरनेटवरच्या इतर कॉम्प्युटरना अपडेट पुरवण्याची परवानगी चालू असेल तर ती बंद करा. दुसऱ्यांची अपडेट तुमच्या कोट्यातून कशाला जावीत? बाहेर जाणारा डेटाही सहसा मोजला जातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचा खरा प्रश्न हा की मर्यादेनंतर वेग किती. कुठे १ एमबीपीएस मिळतो. त्यावर व्हॉट्सॲप, यूपीआय, साधं ब्राउझिंग चालतं, व्हिडिओ अंधूक दिसतो. कुठे ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ केबी (वेग बिटांत मोजतात, डेटा बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट). तीन एमबीचा एक फोटो यायला सहा मिनिटं. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडसाठी मर्यादेनंतर किमान ५१२ केबीपीएस ठेवायला सांगितलं होतं, पण छतावरच्या डब्याला तोच आकडा लागू असेल असं गृहीत धरू नका. प्लॅनच्या कागदावर वाचा. वेग पडला की घरातला प्रत्येक जण मोबाइल डेटावर जातो आणि वरचे रिचार्ज सुरू होतात. तो खर्च कुठल्याच प्लॅनच्या किमतीत दिसत नाही.

---

प्रश्न : ३०० एमबीपीएस मिळतात की नाही हे बघायला मी दिवसातून चार-पाच वेळा स्पीड टेस्ट करतो. त्यात डेटा जातो का? *(डोंबिवली)*

उत्तर : जातो, आणि बऱ्यापैकी. ३०० एमबीपीएसवर दहा सेकंदांत ३००० मेगाबिट, म्हणजे भागिले आठ, ३७५ एमबी येतात. अपलोडही तितक्याच वेगाचं असेल तर तेवढेच जातात. एक टेस्ट पाऊण जीबीची. रोज पाच केल्या तर महिन्याला ११२ जीबी नुसते मोजण्यात गेले. तक्रार करायची असेल तेव्हा लॅन केबल लावून करा, वाय-फायवर केलेली टेस्ट कुणी पुरावा मानत नाही.

---

प्रश्न : दुकानात चार कॅमेरे आहेत. घरून मोबाइलवर बघताना चित्र अडकतं. इंस्टॉल करणारा म्हणतो, २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. घ्यावा का? *(नाशिक)*

उत्तर : आधी रेकॉर्डिंग कुठे होतं ते त्याला विचारा. दुकानातल्या डीव्हीआर किंवा एनव्हीआरच्या (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या) हार्ड डिस्कवर होत असेल तर इंटरनेट फक्त तुम्ही बघता तेव्हाच वापरलं जातं. क्लाउडवर अखंड होत असेल तर आकडेमोड बघा : २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी बाहेर पाठवतो. चार कॅमेरे ८६.४ जीबी, तीस दिवसांत २५९२ जीबी. १००० जीबीची मर्यादा बाराव्या दिवशी संपेल. डाउनलोडचा वेग वाढवून यातलं काहीच सुधारत नाही. कॅमेऱ्यांना लागतो अपलोड, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो बहुधा डाउनलोड असतो.

करायचं ते असं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कॉम्प्रेशन एच.२६४ असेल आणि पर्याय उपलब्ध असेल तर एच.२६५ करा. त्याच दर्जाच्या चित्राला बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) साधारण निम्म्यावर आणता येतो, पण बिटरेटचा आकडाही स्वतः कमी करावा लागतो, नुसतं कॉम्प्रेशन बदलून तो खाली येईलच असं नाही. मोबाइलवर बघताना ‘मेन स्ट्रीम’ऐवजी ‘सब स्ट्रीम’, म्हणजे कमी डेटाचं हलकं चित्र, निवडा. चित्र अडकण्याचा इलाज बऱ्याचदा इथेच सापडतो. क्लाउड हवाच असेल तर हालचाल झाली तरच रेकॉर्ड होऊ द्या आणि हलणारी झाडाची फांदी, रस्ता, दिव्याभोवतीचे किडे हा भाग चौकट आखून वगळा. नाहीतर पावसाळ्याच्या रात्री कॅमेरा किड्यांचंच चित्रीकरण करत बसतो. हे करून चित्र सुरळीत झालं तर नवा प्लॅन लागणार नाही.

---

प्रश्न : ९९९ रुपयांचा प्लॅन म्हणून घेतला, बिल ११७८.८२ रुपयांचं आलं. शिवाय कॉम्प्युटरवर ९४ एमबीपीएसच्या वर आकडा जात नाही. प्लॅन २०० चा आहे. *(लातूर)*

उत्तर : बिलाचा आकडा बरोबर आहे : ९९९ वर १८ टक्के जीएसटी १७९.८२ रुपये. जाहिरातीतला दर बहुधा कराआधीचा असतो.

९४ हा आकडा मात्र ओळखीचा आहे. कुठेतरी १०० एमबीपीएसची लिंक लागली आहे. विंडोजमध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा. १००/१०० दिसलं तर दोष कंपनीच्या लाइनचा नाही, तुमच्या घरातला आहे. शक्यता तीन. जुन्या राउटरचं लॅन पोर्टच १०० चं असेल. कॉम्प्युटरचं असेल. किंवा वायरमनने आठपैकी चारच तारा जोडल्या असतील. १, २, ३ आणि ६ या पिनांवर १०० चालतं, १००० एमबीपीएसला आठही लागतात. आधी दीड मीटरची तयार कॅट-६ केबल थेट फायबरच्या डब्याला लावून बघा. आकडा वाढला तर भिंतीतली केबल नाहीतर मधला राउटर बदलावा लागेल. हा खर्च प्लॅन घेताना कुणी सांगत नाही. वाय-फायवर २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर दाट वस्तीत ३०–६० वर समाधान मानावं लागतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण दोन भिंतींपलीकडे ते ढेपाळतं.

---

प्रश्न : भाड्याच्या घरात राहतो. ‘वर्षाचे पैसे भरा, दोन महिने मोफत’ ही ऑफर फायद्याची का? *(पुणे)*

उत्तर : ९९९ चाच प्लॅन धरू. बारा महिन्यांचे कर धरून १४,१४५.८४ रुपये आज जातात. चौदाही महिने राहिलात तर महिना १०१० रुपयांना पडतो. पण फायदा तेराव्या महिन्यापासून सुरू होतो. सातव्या महिन्यात घर सोडलं आणि उरलेले पैसे परत मिळाले नाहीत तर पाच महिन्यांचे ५८९४ रुपये बुडाले. भाडेकरार अकरा महिन्यांचा असेल तर हे गणित तुमच्या बाजूचं नाही. तरी घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या : मध्येच बंद केल्यास परतावा किती, त्याच शहरात पत्ता बदलल्यास शिफ्टिंगचं शुल्क किती, आणि डबा परत दिल्याची पावती कोण देणार. ती पावती डिपॉझिट हातात येईपर्यंत जपून ठेवा, आणि डबा परत करताना ॲडॅप्टरसकट त्याचा फोटो काढा.