वाचकांचे प्रश्न : हॉल ऑफ फेमच्या दारात अडलेले

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या) हॉल ऑफ फेमविषयी, म्हणजे थोर क्रिकेटपटूंच्या मानाच्या यादीविषयी आहेत. २०२५ मध्ये महेंद्रसिंह धोनीची त्यात निवड झाली आणि ‘मग अमुक का नाही?’ हा जुना वाद पुन्हा उकरला गेला, असे दिसते. ज्यांच्याबद्दल वाद संभवत नाही अशांची नावे बाजूला ठेवून, जे काठावर आहेत त्यांच्याविषयीचेच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : कसोटी सामन्यांत व्ही. व्ही. एस. लक्ष्मणच्या धावा वीरेंद्र सेहवागपेक्षा अधिक आहेत. तरीही सेहवाग २०२३ मध्ये आत गेला आणि लक्ष्मण अजून बाहेरच. माझा मुलगा म्हणतो, की एका २८१ धावांच्या खेळीवर माणसाने किती काळ जगायचे? आपले मत काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी घोडे कुठे अडले ते पाहू. हॉल ऑफ फेमसाठी फलंदाजाने कसोटी किंवा एकदिवसीय यांपैकी एका प्रकारात किमान ८,००० धावा आणि २० शतके केलेली असावीत, किंवा त्याची सरासरी ५० च्या वर असावी, असा सर्वसाधारण निकष आहे. सेहवागच्या कसोटीत ८,५८६ धावा आणि २३ शतके आहेत, त्यामुळे त्याच्याबाबत प्रश्नच उद्भवला नाही. लक्ष्मणच्या १३४ कसोटींत ८,७८१ धावा आहेत, सरासरी ४५.९७ आहे आणि शतके मात्र १७ आहेत. म्हणजे धावांची अट तो ओलांडतो आणि शतकांच्या अटीत तीनाने कमी पडतो. एकदिवसीय सामन्यांत त्याला आधार नाही, कारण तेथे तो ८६ सामने खेळला आणि विश्वचषकाच्या संघात त्याला कधीच स्थान मिळाले नाही.

परंतु शतके कमी का पडली, याचाही विचार व्हायला हवा. लक्ष्मण कारकिर्दीचा मोठा भाग पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळला. त्या जागेवरच्या फलंदाजाला पुष्कळदा शेपटाला, म्हणजे तळाच्या फलंदाजांना, सोबत घेऊनच डाव पुढे न्यावा लागतो, आणि समोरचा साथीदार बाद झाला की त्याची खेळी साठ-सत्तरवरच थांबते. २०१० मध्ये मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध २१६ धावांचा पाठलाग करताना भारताचे आठ गडी बाद झाले होते. पाठदुखीने वाकलेल्या लक्ष्मणने इशांत शर्माबरोबर नवव्या गड्यासाठी ८१ धावा जोडल्या, शेवटी प्रग्यान ओझाला सोबत घेऊन तो नाबाद ७३ वर राहिला आणि भारत एका गड्याने जिंकला. त्याच वर्षी दरबानमध्ये त्याच्या ९६ धावांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना भारताकडे वळवला. या दोन्ही खेळी शतकांच्या रकान्यात दिसत नाहीत.

आता २८१ विषयी, म्हणजे २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या त्या खेळीविषयी. आपल्या चिरंजीवांचा प्रश्न रास्त आहे, कारण एका खेळीवर कोणालाही हॉल ऑफ फेममध्ये घेऊ नये, असे माझेही मत आहे. परंतु ती खेळी एकटी उभी नाही. ऑस्ट्रेलिया जगातला सर्वांत बलाढ्य संघ होता त्या काळात लक्ष्मणने त्यांच्याविरुद्ध २९ कसोटींत २,४३४ धावा आणि सहा शतके केली. सिडनीत १६७ (२०००) व १७८ (२००४), ॲडलेडमध्ये १४८ (२००३), दिल्लीत नाबाद २०० (२००८) असा तो सिलसिला आहे. ईडन गार्डन्सवर १४ मार्च २००१ रोजी तो आणि द्रविड संपूर्ण दिवस खेळले, एकही गडी पडला नाही आणि दिवसभरात ३३५ धावा जमल्या. त्या डावात शेन वॉर्न लेगस्टंपाबाहेरच्या खडबडीत भागात चेंडू टाकत होता आणि लक्ष्मण पुढे सरसावून तोच चेंडू कधी कव्हरमधून, तर कधी मिडविकेटमधून सीमेपार धाडत होता. एकाच टप्प्याच्या चेंडूला दोन्ही बाजूंना वाट असेल तर गोलंदाजाने क्षेत्ररक्षण लावायचे तरी कसे? वॉर्नला त्या डावात १५२ धावांत एकच बळी मिळाला.

पूर्वीचे दाखलेही लक्ष्मणच्या बाजूचे आहेत. २०१५ मध्ये निवडल्या गेलेल्या न्यूझीलंडच्या मार्टिन क्रोची कसोटीतील शतके १७ च आहेत, सरासरी ४५.३६ आहे आणि धावा ५,४४४ आहेत. सेहवागबरोबरच आत गेलेल्या श्रीलंकेच्या अरविंद डिसिल्वाच्या कसोटीत ६,३६१ धावा व २० शतके, तर एकदिवसीय सामन्यांत ९,२८४ धावा व ११ शतके आहेत. म्हणजे दोन्ही प्रकारांत त्याची एकेक अट अपुरी राहते. १९९६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने केलेले नाबाद शतक आणि घेतलेले तीन बळी मतदारांच्या डोळ्यांपुढे होते, हे उघड आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. डिसिल्वाला जो न्याय लावला तोच लक्ष्मणला लावला तर तो आत असायला हवा. माझे मत निःसंदिग्धपणे लक्ष्मणच्या बाजूने आहे.

प्रश्न : झहीर खान आमच्या श्रीरामपूरचा. २०११ चा विश्वचषक त्याच्याशिवाय मिळाला नसता. त्याची निवड व्हावी असे आपणांस वाटत नाही का? (एक वाचक, श्रीरामपूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध ‘वाटत नाही का’ असा आहे, त्यामुळे ‘नाही’ म्हणताना थोडे जड जाते, पण कारणे मांडतो.

विश्वचषकापुरते पाहिले तर झहीरच्या तोडीचे भारतीय गोलंदाज थोडेच. २३ सामन्यांत ४४ बळी, आणि २०११ मध्ये २१ बळींसह शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने अव्वल स्थान. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने नऊ बळी घेतले आणि त्या एका विजयावर भारताने इंग्लंडमधील मालिका २१ वर्षांनी जिंकली. हातातला चेंडू दुसऱ्या हाताने झाकत धावत येणे आणि फलंदाजाला चकाकती बाजू शेवटच्या क्षणापर्यंत दिसू न देणे, ही त्याची युक्ती पुढे अनेकांनी उचलली.

तथापि कसोटीतील ३११ बळींसाठी त्याने प्रत्येकी ३२.९४ धावा मोजल्या. हॉल ऑफ फेममधील बहुतेक वेगवान गोलंदाज पंचविशीच्या आत-बाहेर आहेत. शिवाय रांगेत त्याच्या पुढे श्रीलंकेचा चमिंडा वास उभा आहे. वासही डावखुरा, उपखंडाच्या निर्जीव खेळपट्ट्यांवरच खेळलेला, आणि त्याचे कसोटीत ३५५ व एकदिवसीय सामन्यांत ४०० बळी आहेत. वास बाहेर असताना झहीरला आत घेणे मला पटत नाही. 

कोणी म्हणेल, की पाकिस्तानचा लेगस्पिनर अब्दुल कादिर ३२.८० च्या सरासरीने २३६ बळी घेऊन २०२२ मध्ये आत गेला, मग ३२.९४ वाल्याने काय घोडे मारले? फरक असा, की कादिर खेळत होता त्या काळात सर्वत्र वेगवान गोलंदाजांचे राज्य होते आणि लेगस्पिन ही कला मोडीत निघाल्याचे मानले जात होते. ती त्याने जिवंत ठेवली. झहीरने आपल्या कलेत भर घातली, पण ती कला त्याच्यावाचून अडली नव्हती.

मात्र कादिरचा दाखला घ्यायचाच असेल तर तो आधी भारताचा लेगस्पिनर भागवत चंद्रशेखर याच्या कामी यायला हवा, आणि या विषयी एकाही वाचकाने विचारू नये याचे मला नवल वाटते. चंद्रशेखरचे ५८ कसोटींत २४२ बळी आहेत, सरासरी २९.७४. म्हणजे कादिरपेक्षा नऊ सामने कमी आणि सहा बळी अधिक. लहानपणी पोलिओने दुबळ्या झालेल्या उजव्या हाताने तो जवळजवळ मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने गुगली टाकत असे. भारताने जिंकलेल्या १४ कसोटींत त्याचे ९८ बळी आहेत. त्यांत १९७१ चे ओव्हलवरचे ३८ धावांत ६ आहेत आणि मेलबर्नमध्ये दोन्ही डावांत प्रत्येकी ५२ धावांत घेतलेले ६ आहेत. डावखुरा फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी २००९ च्या पहिल्याच यादीत होता. त्याच्या जोडीने सामने जिंकून देणारा चंद्रशेखर इतकी वर्षे बाहेर राहावा, ही या यादीतील भारतीयांपुरती सर्वांत मोठी उणीव आहे.

गोलंदाजांच्या निकषाबद्दलही दोन शब्द लिहितो. २०० बळी, आणि कसोटीत ५० किंवा एकदिवसीय सामन्यांत ३० चेंडूंमागे एक बळी, असा तो निकष आहे. हा अक्षरशः लावला तर वॉर्न, मुरलीधरन आणि कुंबळे हे तिघेही बाहेर राहतात! तिघेही आत आहेत, यावरून तो किती सैलपणे वापरला जातो हे कळते.

प्रश्न : १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या घरी हरवणाऱ्या अजित वाडेकरांना कर्णधार म्हणून हा मान का मिळू नये? (एक वाचक, दादर)

उत्तर : वाडेकरांच्या कर्णधारपदाचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. किंग्स्टनच्या कसोटीत पहिला दिवस पावसात वाहून गेला, त्यामुळे तो सामना नियमानुसार चार दिवसांचा ठरला आणि फॉलोऑनसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीला पाठवण्यासाठी, २०० ऐवजी १५० धावांची आघाडी पुरेशी झाली. मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या जोरावर भारताने ३८७ केल्या, वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर आटोपला आणि वाडेकरांनी वेस्ट इंडिजचा कर्णधार सोबर्स याला फॉलोऑन दिला. सोबर्ससाठी तो अनपेक्षित धक्का होता. सामना अनिर्णित राहिला, पण मालिकेचा नूर तेथेच पालटला.

एवढे असूनही मी वाडेकरांना मत देणार नाही. कर्णधारासाठी २५ कसोटी आणि निम्मे विजय अशी अपेक्षा आहे, आणि वाडेकरांनी १६ कसोटींत नेतृत्व करून चार जिंकल्या. तो आकडा बाजूला ठेवला तरी १९७१ चे यश गावसकर, सरदेसाई, सोलकर, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर यांच्यात विभागले जाते. फलंदाज म्हणून ३७ कसोटींत ३१ ची सरासरी आणि एक शतक, यावर दावा उभा राहत नाही. शिवाजी पार्कच्या परिसरातून निषेधाची पत्रे येतील, याची कल्पना आहे.

प्रश्न : पद्माकर शिवलकरांचा विचार का होत नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारण हा मान आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूंसाठी आहे आणि शिवलकर कसोटी खेळले नाहीत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाचे प्रथम श्रेणीत ५८९ बळी आहेत. बेदी खेळत असताना दुसऱ्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला जागा नव्हती. बीसीसीआयने २०१७ मध्ये राजिंदर गोयल यांच्यासह त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. देशांतर्गत क्रिकेटसाठी निराळा हॉल ऑफ फेम निघाला तर पहिल्या यादीत ही दोन नावे असावीत. आयसीसीकडे मात्र त्यांच्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ही निवड करते तरी कोण, आणि कोणाला किती मते पडली हे आपल्याला का कळत नाही? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हयात सदस्य, क्रीडापत्रकार आणि क्रिकेट संघटनांचे पदाधिकारी यांचा मतदारवर्ग आहे. शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर पाच वर्षे झाल्याखेरीज खेळाडूचा विचार होत नाही. मतांची आकडेवारी जाहीर होत नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात, खेळाडूचे नाव दहा वर्षेच मतपत्रिकेवर राहते आणि दरवर्षी प्रत्येकाची टक्केवारी प्रसिद्ध होते. लॅरी वॉकरला २०११ मध्ये २०.३ टक्के मते होती आणि २०२० मध्ये, म्हणजे अखेरच्या संधीला, ७६.६ टक्के मिळाली. नऊ वर्षे त्याच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिले गेले आणि मते कशी सरकत गेली ते लोकांनी पाहिले. लक्ष्मणला गेल्या वेळी किती मते होती हे कळले असते, तर वरचे अर्धे उत्तर मला लिहावे लागले नसते.

प्रश्न : महिला क्रिकेटपटूंपैकी काठावर कोण आहे? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आपल्याच गावची संध्या अगरवाल. पुण्यात जन्मलेली, पण ऑस्ट्रेलियासाठी खेळलेली लिसा स्थळेकर २०२० मध्ये, डायना एडुलजी २०२३ मध्ये आणि नीतू डेव्हिड २०२४ मध्ये आत गेली. संध्याच्या १३ कसोटींत १,११० धावा आहेत आणि सरासरी ५०.४५, म्हणजे सरासरीचा निकष ती सरळ पूर्ण करते. १९८६ मध्ये वूस्टरला इंग्लंडविरुद्ध तिने केलेल्या १९० धावा तेव्हा महिला कसोटीतील विश्वविक्रम ठरल्या होत्या. सामने थोडे, एवढाच आक्षेप निघू शकतो. पण नीतू डेव्हिडही दहाच कसोटी खेळली आणि एका डावातील ५३ धावांत ८ बळी हा तिचा विक्रम निवडीला पुरेसे बळ देऊन गेला. संध्यासाठी वेळ मात्र फार नाही. मिताली राज आणि झुलन गोस्वामी या दोघींची पाच वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतात, आणि त्या मतपत्रिकेवर आल्या की भारतीय महिलांपैकी दुसऱ्या कोणाकडे मतदारांचे लक्ष जाणे अवघड आहे.