सणाच्या सजावटीसाठी मुलांबरोबर घरी केलेल्या मीठ-मैद्याच्या वस्तूंना वाळताना तडे का जातात?

वस्तू जाड असते आणि ती घाईने वाळवली जाते, म्हणून तडे जातात. बाहेरचा थर आधी सुकून आक्रसतो, आत मात्र ओल तशीच असते. त्या ताणाने पृष्ठभाग फाटतो. मी मुलांचे हस्तकला वर्ग घेते, तिथे हे प्रमाण चांगलं चालतं: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ आणि साधारण पाऊण ते १ वाटी पाणी. पाणी थोडं थोडंच घाला, गोळा हाताला चिकटायला नको. मग ८-१० मिनिटं नीट मळा. हे काम मुलांनाच द्या, त्यांना यातच सगळ्यात जास्त मजा येते! लाटताना जाडी अर्धा सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि टांगायचं भोक ओलं असतानाच पाडा. सावलीत दोन-तीन दिवस, अधूनमधून उलटत वाळवा. ओव्हन असेल तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-तीन तास. रंग पूर्ण वाळल्यावरच द्यायचा. वर वॉर्निशचा हात हवाच, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दमट दिवसांत वस्तू मऊ पडते.

मात्र मूल अजून हातात येईल ते तोंडात घालत असेल तर हा मीठ-मैद्याचा गोळा देऊ नका: एवढं मीठ पोटात जाणं लहान मुलांना धोक्याचं असतं, कुत्र्यांनाही. अशा वयात वाळलेली मोठी पानं कागदावर चिकटवण्यासारखं काहीतरी, तेही तुम्ही शेजारी बसून.