आधी आकडा, मग ग्लास

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

'सर, दारू सोडायची नाही, पण कमी करायची आहे. फोनवर एखादं चांगलं अ‍ॅप सांगा.' तुझा मेसेज दोनदा वाचला. घरच्यांना वाटतं तसा तू दारुडा नाहीस. बेळगावच्या उद्यमबागेतले तुझे दोस्त म्हणतात तसं 'काय होत नाही रे' म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. या मधल्या पोरांशी आपल्याकडे कोणी बोलतच नाही. व्यसनमुक्तीचं व्याख्यान पार बुडालेल्यांसाठी असतं, आणि त्याला येतात मात्र कधी न प्यालेले! म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅपचं नाव सांगणार नाही. अ‍ॅप फसतं कसं ते आधी ऐक.

स्वीडनमध्ये 'प्रोमिलेकोल' नावाचं अ‍ॅप विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. किती प्यालो ते त्यात टाकायचं, की रक्तात अल्कोहोल किती झालं असेल याचा अंदाज समोर. २०१४ मध्ये निकाल छापून आला. पिणं कमी झालं नव्हतंच, उलट मुलगे पूर्वीपेक्षा जास्त वेळा प्यायला लागले होते. मला यात नवल वाटलं नाही. चौघं बसलेत, एकाच्या हातात मीटर आहे, म्हटल्यावर 'तुझा किती, माझा किती' सुरू होणारच.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्गकडच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. इमर्जन्सी विभागात आलेली, १८ ते २५ वयाची, जरा जास्तच पिणारी ७६५ मुलंमुली त्यांनी घेतली. अ‍ॅप वगैरे काही नाही, साधा एसएमएस, बारा आठवडे. गुरुवारी विचारायचं, या शनिवार-रविवारी पिण्याचा बेत आहे का? जास्त प्यायचा बेत असेल तर मर्यादा ठरवायला तयार आहेस का? रविवारी विचारायचं, किती झाली? आणि जे उत्तर येईल त्यावर दोन शब्द लिहायचे. दुसऱ्या गटाला फक्त रविवारचा 'किती झाली' एवढाच प्रश्न. तिसऱ्याला काहीच नाही. तीन महिन्यांनी पहिल्या गटाचे जोरदार पिण्याचे दिवस कमी झाले होते. ज्यांना नुसतं विचारलं होतं, त्यांचे वाढले होते.

तुला आयटीआयमध्ये पहिल्या महिन्यात काय शिकवलं होतं? माप घ्यायचा व्हर्नियर लावला म्हणून घडवायचा जॉब मापात येत नाही. आधी ड्रॉइंगवर माप पाहिजे. फोन हा तुझा व्हर्नियर. ड्रॉइंग तू शुद्धीत असताना काढायचं.

आता माप. तू म्हणतोस, शनिवारी 'एक क्वार्टर, कधी वर एक बिअर'. बाटलीवर वाच. ४२.८ टक्के अल्कोहोलची व्हिस्की ३० मिली घेतली की साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. त्याला एक ड्रिंक धर. १८० मिलीच्या क्वार्टरची झाली सहा. आपल्याकडे तुमची पोरं घेतात ती ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली, ती एकटी चार. म्हणजे ज्याला तू 'एक आणि एक' म्हणतोस ते दहा आहेत. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त, याला जागतिक आरोग्य संघटना जोरदार पिणं धरते. तुझं ते क्वार्टरमध्येच भरतं, बिअरचं झाकण उघडायच्या आधी.

बहुतेक अ‍ॅप इंग्रजीत असतात आणि त्यांना क्वार्टर, नाइंटी, टेट्रा पाकीट हे कळत नाही. तिथे पाइंट आणि वाइनचा ग्लास. मग पोरगं अंदाजानं काहीतरी टाकतं, आणि अंदाज नेहमी कमीच असतो. शिवाय तुझ्या पिण्याची तारीखवार नोंद कोणत्या कंपनीकडे जाते ते कोणी वाचत नाही. त्यापेक्षा फोनमधलं साधं नोट्स बरं. आणि खरा हिशोब हवा असेल तर महिन्याअखेरीस यूपीआयची हिस्ट्री काढून बघ. बार, एमएसआयएलचं सरकारी दारू दुकान, चकणा, रात्रीचं ऑम्लेट, सगळं वेळेसकट लिहिलेलं असतं. ती बेरीज मला पाठवू नकोस, स्वतः एकदा कर.

फोनचं खरं काम वेगळंच आहे. तुझा बेत ठरतो कुठे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दुपारी चारला 'आज बसायचं काय?' येतं, पाच अंगठे पडतात आणि सहाला तू वळलेला असतोस. तेव्हा सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, ग्रुपवर काही यायच्या आधी अलार्म लाव आणि एक ओळ लिही: 'या खेपेला चार.' चार म्हणजे चार छोटे पेग, किंवा ती एक बिअर आणि बास. चार हा काही सुरक्षित आकडा नव्हे. कितीही प्यालं तरी ते निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सरळच सांगितलं. दहावरून खाली यायची ती पहिली पायरी आहे. चार जमले की तीन. ती ओळ मला पाठव. दुसऱ्या दिवशी खरं काय झालं तेही पाठव. आठ झाले तर आठ लिही, मी रागावणार नाही. फक्त पाचवा कोणी भरला एवढं विचारीन.

माणूस कशाला हवा असं म्हणशील. गोव्यात 'संगथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साधी, डॉक्टर नसलेली माणसं तयार करून जास्त पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला बसवली, फार तर चार बैठका. तेवढ्यानंही फरक पडला. २०१७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं आहे. आपल्यापासून चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथली गोष्ट सांगतोय, स्वीडनची नव्हे.

घाटाचं नाव निघालं म्हणून. इकडे ड्राय डे लागला की गाड्या हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीकडे वळतात, आणि स्वस्त म्हणून गोव्याला. हद्द ओलांडून प्यायला गेलास की परत यायचं असतंच, आणि तेही रात्री, बाइकवर. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कोणत्याही अ‍ॅपनं 'तू अजून खाली आहेस' असं दाखवलं तरी किल्ली हातात घ्यायची नाही. त्या दिवशी चालवणाऱ्याचा आकडा शून्य. यात मी घासाघीस करत नाही.

गावची यात्रा, गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, या दिवसांत ठरवलेला आकडा मोडतो. तेव्हा 'नको' म्हणण्यापेक्षा उशिरा जाणं सोपं. जेवून जा. मटणाच्या पंगतीला बसलेल्या माणसाच्या हातात ग्लास नसला तर कोणाचं लक्ष जात नाही, हे मी आमच्या भावकीत पाहिलंय. 'देवमाणूस झालास काय रे?' म्हणतील, म्हणू देत, दुसऱ्या पेगनंतर त्यांचं त्यांनाच आठवत नाही.

एक तपासणी मात्र आजच कर. ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं केलेली, ४० गुणांची. ८ किंवा वर गेलास तर हे पत्र तुझ्यासाठीच आहे. २० किंवा वर गेलास, किंवा सकाळी हात थरथरतात, पहिला घोट घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, असं असेल तर हे पत्र बाजूला ठेव. तेव्हा आकडे ठरवत बसायचं नाही, आणि एकदम बंदही करायचं नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात जा, मी येतो बरोबर. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, व्यसनासाठी १४४४६. कन्नड तू माझ्यापेक्षा बरं बोलतोस, तेव्हा भाषेची सबब नको.

यादी भरून गुण कळव. आणि पहिला आकडा येत्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, दोनच्या आत. मेसेजच कर, फोन नको. जेवल्यावर मी झोपतो.

तुझा,
सर