जिथल्या तिथे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की पत्रांचा सूर बदलतो. किडे, ओल, कुबट वास आणि सकाळची धांदल, असं सगळं एकाच वेळी दारात येतं. या अंकासाठी निवडलेल्या पाच प्रश्नांपैकी धान्याच्या प्रश्नाला आम्ही मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (चिपळूण) : दरवर्षी मे अखेरीस 25 किलो तांदूळ आणि मूग, चवळी प्रत्येकी 3 किलो भरून ठेवते. डबे घट्ट झाकणाचे आहेत, तरी ऑगस्ट उजाडेपर्यंत तांदळात टोके आणि मुगात भुंगेरे होतात. बंद डब्यात हे किडे येतात तरी कुठून?

उत्तर : बाहेरून शिरत नाहीत, धान्याबरोबरच घरात आलेले असतात. टोक्याची मादी सोंडेने तांदळाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट लिंपण करून भोक बुजवते. दाणा हातात घेऊन निरखला तरी काही कळत नाही. उबदार, दमट हवेत साधारण महिन्याभरात आतली अळी दाणा पोखरते आणि किडा होऊन बाहेर पडते. म्हणजे मे अखेरीस भरलेल्या डब्यात जून अखेरीला पहिली पिढी, जुलै अखेरीला दुसरी. पहिली पिढी थोडी असते म्हणून नजरेतून सुटते आणि ऑगस्टमध्ये एकदम डबाभर किडे दिसतात.

मुगाच्या भुंगेऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याची अंडी दाण्यावर बाहेरून चिकटवलेली असतात. मूठभर मूग ताटलीत घेऊन खिडकीपाशी उजेडात बघा. हिरव्या सालीवर खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसला, तर ते अंडं. गोल भोक दिसलं, तर किडा कधीच निघून गेला आहे.

हा फरक कळला की उपायही वेगळे करावे लागतात हे लक्षात येईल. कडधान्याला तेल उपयोगी पडतं. किलोला चहाचा 1 चमचा, म्हणजे 5 मिली एरंडेल घ्या. मूग परातीत पसरा, तेल तळहातांना लावून चोळत राहा. दाणा न दाणा चकाकला पाहिजे, पण परातीला तेल सुटता कामा नये. या पातळ थरामुळे नवं अंडं दाण्याला नीट चिकटत नाही आणि चिकटलेलं गुदमरतं. आधी कडधान्य उन्हात वाळवून गार करा, मगच तेल लावा. तांदळाला मात्र तेलाचा फारसा उपयोग नाही, कारण अंडं दाण्याच्या आत सुरक्षित असतं.

तांदळाला दोनच गोष्टी आवरतात, कोरडेपणा आणि गारठा. तांदूळ कडक उन्हात टाकू नका. दाण्याला बारीक चिरा जातात आणि शिजताना भाताचा तुकडा पडतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, चादरीवर बोटभर जाडीचा थर करून 2 दिवस ठेवा. गव्हाला मात्र 2-3 दिवस खणखणीत ऊन हवंच. गहू वाळला की नाही हे दातच सांगतात. दाणा ‘कट्ट’ आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. आणि इथेच पुष्कळजणी चुकतात : संध्याकाळी उन्हातून उचललेला गहू गरम असतानाच डब्यात भरतात. रात्री डबा गार होतो, आतल्या वाफेचं पाणी पत्र्याला धरतं आणि कडेच्या धान्याला बुरशी येते. रात्रभर घरात पसरून ठेवा आणि सकाळी भरा.

जुन्या धान्यावर नवं कधी ओतू नका. तळाला उरलेले दोन मूठ दाणे हेच पुढच्या वर्षीच्या किड्यांचं बियाणं असतं. डबा धुऊन, झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने साफ करून, एक दिवस पूर्ण सुकवा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळलेला घाला. ओला पाला म्हणजे स्वतःच्या हाताने डब्यात ओल घालणं. वाळलेल्या पाल्याने किड्यांचा जोर थोडा कमी होतो इतकंच, भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्यांबद्दल आमचं मत ठाम आहे : खाण्याच्या धान्यात नकोत. ‘आमच्याकडे पूर्वापार घालतात’ हे खरं असलं, तरी दोन्ही पोटात जाऊ नयेत अशाच वस्तू आहेत आणि लहान मुलांच्या घरात तर मुळीच नकोत.

किडे लागलेच असतील तर तांदूळ सावलीत पसरा, चाळा, पाखडा आणि 2-2 किलोच्या घट्ट बंद पिशव्या करून फ्रीझरमध्ये 4 दिवस ठेवा. आतली अंडी-अळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवा आणि तिचा गारठा पूर्ण जाऊ द्या. लगेच उघडली तर हवेतलं बाष्प गार दाण्यावर उतरतं. रवा, मैदा, बेसन आणल्या आणल्या असंच गारठवून घेतलं तर जाळी धरत नाही. दाण्यांचे गोळे झाले असतील, काळपट-हिरवट बुरशी दिसत असेल, तर मात्र जीव न गुंतवता टाकून द्या. बुरशीचं विष धुऊन किंवा शिजवून जात नाही.

शेवटचं, आणि कोकणासाठी सर्वात महत्त्वाचं : जून ते सप्टेंबर 25 किलो भरूच नका. 3-4 आठवड्यांत संपेल एवढाच तांदूळ आणा. किड्याची पिढी पुरी व्हायच्या आत डबा रिकामा झाला, की निम्मा प्रश्न मिटला.

प्रश्न (डोंबिवली) : आम्ही दोघंही सातच्या लोकलने निघतो. वन रूम किचन, शाळेत जाणारी दोन मुलं. रोज सकाळी किल्ली, पास, डबा, अंघोळ यावरून आवाज चढतात. दिवसाची सुरुवातच कटकटीने होते. काय बदलावं?

उत्तर : आधी अंघोळीचा हिशेब करू, कारण बहुतेक घरांत भांडण तिथे सुरू होतं. 15 लिटरचा गीझर 2 किलोवॉटचा असेल तर गार पाणी कढत व्हायला 18-20 मिनिटं लागतात. त्या पाण्यात गार पाणी मिसळून अंघोळीजोगं केलं तर दोन बादल्या निघतात, जास्त नाही. म्हणजे दोन अंघोळी पाठोपाठ, मग 20 मिनिटं थांबणं. तिसरा माणूस लगेच शिरला तर त्याला कोमट पाणी मिळतं आणि तो चिडतो. मोठ्या दोघांच्या अंघोळी आधी आणि मुलांच्या 20 मिनिटांनी, मधल्या वेळात मुलांचं दूध-नाश्ता, असा क्रम लावा. किंवा एका मुलाची अंघोळ संध्याकाळी खेळून आल्यावर टाका.

किल्ली, पास, पाकीट यांची जागा दारापासून एका हाताच्या अंतरावर हवी. सुंदर की-होल्डर दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीवर लावला तर कोणी तिथपर्यंत जात नाही. थकून आलेला माणूस पहिल्या सपाट जागेवर वस्तू टाकतो. ती सपाट जागा कुठली ते चार दिवस बघा आणि तिथेच एक ताटली ठेवा. माणसांच्या सवयीला जागा द्यावी. जागेसाठी सवय मोडायला गेलात तर आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

डब्यासाठी रात्रीची 15 मिनिटं द्या. गवार, फरसबी, कोबी, तोंडली चिरून बंद डब्यात फ्रीजमध्ये छान राहतात. बटाटा आणि वांगं काळं पडतं, ते सकाळीच चिरा. भेंडी रात्री धुऊन पुसून पसरून ठेवा. पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरली तर तार सुटत नाही. कणीक रात्री मळायची असेल तर किंचित घट्ट मळा, गोळ्याला सगळीकडून तेलाचा हात लावा आणि लहान डब्यात भरा. मोठ्या डब्यातल्या हवेनेच ती काळी पडते. सकाळी उठल्या उठल्या बाहेर काढली तर लाटेपर्यंत मऊ होते.

मुलांची दप्तरं मुलांनीच, रात्री जेवणाआधी भरायची. जेवणानंतर झोप येते आणि मग ते काम आईकडे येतं.

प्रश्न (कोल्हापूर) : सासूबाई आणि मी, दोघीही स्वयंपाक करतो. मी लावलेला ओटा त्या बदलतात, मी पुन्हा पहिल्यासारखा करते. मनं दुखावतात. बोलायचं कसं?

उत्तर : बोलण्याआधी आठवडाभर नुसतं बघा, की त्या नेमक्या कुठल्या वस्तू हलवतात. बहुतेकदा वरच्या फळीवरच्या किंवा अगदी खालच्या ड्रॉवरमधल्या असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकणं नको असतं आणि खांदा आखडलेल्याला हात वर नेणं. ते त्या बोलून दाखवत नाहीत, डबा उचलून ओट्यावर ठेवतात. त्यांच्या खांद्यापासून मांडीपर्यंतच्या उंचीत रोजच्या 15-20 वस्तू आणा : चहा-साखर, मिसळणाचा डबा, तेल, पीठ, पोळपाट, तवा. सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र माळ्यावर जाऊ द्या आणि माळ्याच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवा, आत काय काय आहे त्याचा.

मिसळणाचा डबा शेगडीजवळ हवा, पण शेगडीच्या बरोबर वरच्या कपाटात नको. रोजच्या वाफेने मीठ पाझरतं आणि हळदीचे गोळे होतात. डब्यांवर नावं झाकणावर न लिहिता पुढच्या बाजूला, ठळक मराठीत लिहा. झाकणं अदलाबदल होतात, डबे होत नाहीत.

आणि ही मांडणी तुम्ही एकटीने करू नका. एका दुपारी दोघी मिळून करा. त्यांना खुर्चीवर बसवून ‘आई, हे तुम्हाला कुठे हाताशी येईल?’ असं एकेक वस्तू हातात घेऊन विचारा. स्वतः सांगितलेली जागा माणूस सहसा बदलत नाही.

प्रश्न (पुणे) : पावसाळ्यात कपाट उघडलं की कुबट वास येतो. डांबराच्या गोळ्या घातल्या आहेत. पैठणीची काळजी वाटते.

उत्तर : डांबराच्या गोळीने कसर दूर राहते, ओल शोषली जात नाही. तुम्हाला येणारा वास ओलीचा आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर 2-3 इंच पुढे ओढा. कोरड्या दिवशी सगळे कपडे काढा, फळ्या आधी कोरड्या फडक्याने आणि मग निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून दारं 3-4 तास उघडी ठेवा. पावसात दांडीवर वाळलेले कपडे हाताला कोरडे लागतात, पण शिवणीत आणि कमरपट्टीत ओल असते. तिथे चिमटीत धरून बघा. इस्त्री केलेले कपडे निवल्याशिवाय आत ठेवू नका.

ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाजारात मिळतात, ते खालच्या फळीवर सरळ ठेवा. त्यात साठणारं पाणी कपड्यावर किंवा चामड्यावर सांडलं तर डाग पडतात, म्हणून अर्ध्यावर आलं की फेका. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आजच काढा. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा आणि दर 3 महिन्यांनी घडी वेगळ्या ठिकाणी मोडा, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर ती घालूच नका. काही बाळांमध्ये जन्मजात एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि या गोळीमुळे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

प्रश्न (नागपूर) : आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे, मुलं बाहेरगावी. कागदपत्रं चार कपाटांत विखुरलेली आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : कागद लावण्याआधी एक यादी करा, फुलस्केपच्या एका पानावर. बँक आणि शाखा, खातं कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण, मुदतठेवी कधी संपतात, विमा कुठला, लॉकर कुठे आणि त्याची किल्ली कुठे. पिन आणि पासवर्ड या पानावर लिहू नका. एक प्रत मुलांकडे द्या. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मुलांच्या कानावर घाला. नॉमिनीकडे पैसे येतात, पण ते कुणाचे हे सहसा मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

मग चार फायली : घर-जमीन (खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा), पैसा, ओळखपत्रं आणि औषधपाणी. शेवटच्या फायलीत सर्वात वर नुकतीच दिलेली चिठ्ठी आणि सध्याच्या गोळ्यांची यादी, वेळेसकट. रात्री-अपरात्री शेजाऱ्याला ती फाईल उचलून दवाखान्यात धावता आलं पाहिजे. म्हणून तिचा रंग लाल ठेवा आणि ती कुलपात न ठेवता फ्रीजवर ठेवा, शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

मूळ खरेदीखताला लॅमिनेशन करू नका. शाई-शिक्का तपासता येत नाही आणि पुढे प्लॅस्टिक सोडवताना कागद फाटतो. दुकानाची गुळगुळीत कागदावरची बिलं वर्षा-दोन वर्षांत पुसट होतात. फ्रीज, मिक्सरचं बिल मिळालं त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचा. अशा बिलाला लॅमिनेशन केलं तर उष्णतेने ते पूर्ण काळं पडतं.